मिनिटाला १२० शब्द: थायरॉइड काढल्यानंतरचे माझे ११ महिने

मी गेली १९ वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका न्यायालयात लघुलेखक म्हणून काम करते. न्यायाधीश निकालपत्र सांगू लागतात तेव्हा लघुलेखक त्यांच्या शब्दासरशी शब्द लिहीत नाही. तो पाच-सहा शब्द मागे राहून लिहितो, कारण वाक्य कुठे वळते आहे हे कळल्याशिवाय चिन्ह नेमके उमटत नाही. हात एक शब्द कागदावर उतरवत असतो, त्याच वेळी पुढचे पाच शब्द डोक्यात धरून ठेवलेले असतात आणि कान त्यापुढचा शब्द ऐकत असतो. हे धरून ठेवणे मला कधी मुद्दाम करावे लागले नव्हते. मराठीत माझा वेग मिनिटाला १२० शब्दांचा होता आणि तो मी श्वासाइतका गृहीत धरला होता. थायरॉइड ग्रंथी काढल्यानंतर तो वेग कसा गेला आणि कसा परत आला, हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण त्या महिन्यांत मला आणि घरच्यांना सर्वांत मोठी भीती कर्करोगाची नव्हती, तर माझी बुद्धी कायमची गेली की काय, याची होती.

मानेच्या उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागली, सुईने घेतलेल्या नमुन्यात थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग निघाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात माझी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आवाजाची नस या ग्रंथीला खेटून जाते, तिला धक्का लागला नाही. माझ्या व्यवसायात परत वाचून दाखवावे लागत असल्यामुळे त्याची मला विशेष काळजी होती. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, कारण थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी शरीरातले कॅल्शियम सांभाळतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्या काही काळ मंदावू शकतात. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

थायरॉइडच्या संप्रेरकाची (हार्मोनची), म्हणजे थायरॉक्सिनची गोळी मात्र दिली नाही. पुढे किरणोत्सारी आयोडीन द्यायचे होते आणि त्यासाठी रक्तातला टीएसएच ३० च्या वर जाणे आवश्यक असते. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक कमी झाले, की पीयूषिका टीएसएच वाढवून थायरॉइडला हाक मारते. ग्रंथीच उरलेली नसते, त्यामुळे हाक वाढत जाते आणि मागे राहिलेल्या तुरळक थायरॉइड पेशी, चांगल्या असोत वा कर्करोगाच्या, त्या हाकेपायी आयोडीन ओढून घेऊ लागतात. त्याच आयोडीनमधून त्यांना मारायचे, अशी ही युक्ती आहे. टीएसएच बाहेरून टोचण्याचे इंजेक्शन मिळते, पण ते फार महाग असल्याने आम्ही ठरवले, की चार-पाच आठवडे संप्रेरकाविना काढायचे. आधी सूचना मिळाली ती एवढीच: ‘थोडा थकवा येईल.’

पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही. रजेवर होते, हात सुटू नये म्हणून रोज संध्याकाळी माझे पती वर्तमानपत्रातला अग्रलेख घड्याळ लावून पाच मिनिटे वाचत आणि मी लिहून घेत असे. नंतर मी तो उतारा पुन्हा वाचून सुटलेले आणि चुकलेले शब्द मोजत असे. या सरावाची वही मी ठेवली होती आणि तीच पुढे माझ्या आजाराची नोंदवही ठरली. आठव्या दिवशी वेग ११८ होता. मला वाटले, लोक उगाच घाबरवतात.

त्याचे कारण मला नंतर समजले. ग्रंथी काढली तरी तिने आधी रक्तात सोडलेले थायरॉक्सिन लगेच नाहीसे होत नाही. ते निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणजे दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा उरतो, तीन आठवड्यांनी आठवा, चार आठवड्यांनी सोळावा. साठवलेल्या धान्यावर घर काही दिवस चालावे तसे शरीर चालत राहते आणि म्हणूनच उतरण सुरू झाल्याचे कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वेग १०० वर आला. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला तो ७० होता आणि त्या ७० मध्येही भोके होती. आकड्यापेक्षा मला जास्त हादरवले ते वेगळ्याच गोष्टीने. पती वाचत असत, मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येई, अर्थही कळे, पण पहिला शब्द लिहून होईपर्यंत डोक्यात धरलेले पुढचे पाच शब्द जागेवर नसत. विसरले म्हणावे तर तसेही नव्हते. ते जणू हातात घेण्याआधीच निसटत होते. लिहिलेली चिन्हे पुन्हा वाचायला घेतली, की माझेच अक्षर मला अडखळत वाचावे लागे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नसत. दुसऱ्या शिट्टीनंतर तिसरी झाली की नाही, हे मुलीला विचारावे लागे. बारावीत शिकणारी माझी मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, तू उत्तर देतेस, पण फोन लांबून लागल्यासारखं देतेस.’ तिच्या त्या वाक्याइतके अचूक वर्णन मला कुणा तज्ज्ञाकडूनही ऐकायला मिळाले नाही.

शरीरही संथ झाले होते. जुलैच्या पावसात सगळ्यांना उकडत असताना मी स्वेटर घालून बसत होते, चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता. मुंबईच्या अंतःस्रावतज्ज्ञांनी, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांनी, माझ्या टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडीने टिचकी मारली, तेव्हा पाऊल झटक्याने हलले, पण मूळ जागी परतताना इतके सावकाश उतरले, की माझ्या पतींनाही ते नुसत्या डोळ्यांनी दिसले. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, हे पाहिलंत ना? तुमचं सगळंच आत्ता असं सावकाश चाललंय, नुसतं डोकं नाही.’ त्या दिवशी माझा टीएसएच ९६ होता. निरोगी माणसाचा साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो.

मी त्यांना सरावाची वही दाखवली आणि मनातला प्रश्न विचारला, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत का, कारण नातेवाइकांपैकी दोघांनी मला तसे सुचवले होते. कर्करोगाचे नाव ऐकून खचलीस, देवाचे नाव घे, बाहेर फिर, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते प्रेमाने सांगितले असले तरी मी ते ऐकून रात्री रडले होते. डॉक्टरांनी त्यावर जे समजावून सांगितले, ते पुढे मी वाचून अधिक नीट समजून घेतले.

थायरॉइड प्रामुख्याने टी-४, म्हणजे थायरॉक्सिन बनवते. पेशींवर खरे काम करते ते टी-३. टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढला, की टी-३ तयार होते आणि हे काम डीआयोडिनेज नावाची विकरे (एन्झाइम) करतात. मेंदू याबाबतीत बाकी शरीरासारखा वागत नाही. रक्तातल्या तयार टी-३ वर तो फारसा विसंबत नाही. तो टी-४ आत घेतो आणि ॲस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींमध्ये स्वतःपुरते टी-३ घडवून शेजारच्या चेतापेशींना पुरवतो. माझ्या आजीच्या भाषेत सांगायचे तर गाव गिरणीचे पीठ आणते, पण मेंदू घरच्या जात्यावर दळून खातो. टी-४ कमी पडू लागले, की हे जाते जोरात फिरू लागते, म्हणजे त्या विकराचे काम वाढते, आणि मेंदूतले टी-३ शक्य तितके टिकून राहते. माझे पहिले दोन आठवडे बरे का गेले, याचे दुसरे कारण मला यात दिसते. परंतु कणगीच रिकामी झाल्यावर जाते कितीही फिरवले तरी पीठ कुठून पडणार?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्याच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. थायरॉइड संप्रेरक कमी झाल्यावर या खर्चाचे काय होते, यावर २००१ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास डॉक्टरांनी मला सांगितला आणि तो ऐकताना मला अक्षरशः कुणीतरी माझा हात धरल्यासारखे झाले. त्यातले दहा रुग्ण माझ्यासारखेच होते: थायरॉइडच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढलेले. त्यांच्या मेंदूची पेट (PET) तपासणी, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा वापर मोजणारे चित्रण, एकदा संप्रेरकाविना असताना आणि एकदा संप्रेरक पुरेसे असताना केली, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. संप्रेरकाविना मेंदूतला रक्तप्रवाह सरासरी सुमारे २३ टक्क्यांनी आणि ग्लुकोजचा वापर सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. तेच रुग्ण त्या काळात अधिक उदास, अधिक चिंताग्रस्त होते आणि त्यांच्या हालचाली व विचार मंदावले होते.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आकड्यांहून महत्त्वाची वाटते. मेंदूच्या एखाद्या ठरावीक भागात खड्डा पडलेला दिसला नाही. घट सर्वत्र पसरलेली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब उतरतो तेव्हा घरातला एक दिवा जात नाही, सगळेच मिणमिणू लागतात, आणि तारा मात्र शाबूत असतात. माझी भाषा गेली नव्हती, चिन्हे गेली नव्हती, १९ वर्षांचा सराव गेला नव्हता. हे सगळे एकाच वेळी चालू ठेवण्याइतका दाब उरला नव्हता, आणि लघुलेखनात तर सगळे एकाच वेळी चालावे लागते. एकेक काम सुटे दिले तर मला ते जमत होते; पती एक वाक्य वाचून थांबले, तर मी ते बिनचूक लिहीत होते. हे आम्ही घरी करून पाहिले, तेव्हा पतींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ही अवस्था वैद्यकाला जुनी परिचित आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या थिओडोर कोखर या शल्यविशारदांनी गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले आणि १८८३ साली जाहीर केले, की त्यांच्यातले अनेक जण सुजलेले, गारठलेले, बोलण्या-विचारात मंद झालेले आहेत. त्या काळी ही ग्रंथी नेमकी कशासाठी असते, हेच ठाऊक नव्हते. कोखर यांनी आपल्याच शस्त्रक्रियांचा हा परिणाम लपवला नाही आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. १९०९ साली त्यांना थायरॉइडवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा रुग्णावर उपचार करता येतात, हे दाखवले. त्याआधीच्या रुग्णांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. माझ्या पाच आठवड्यांना शेवटची तारीख होती. त्यांच्या दिवसांना ती नव्हती.

आयोडीनच्या आधीचे दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध, दही, अंडी, मासे, बेकरीचे पदार्थ सगळे बंद होते. कोरा चहा आणि साध्या मिठातली भाकरी-भाजी यांवर मी राहिले. मुंबईत जाड भिंतींच्या खोलीत १०० मिलिक्युरीची मात्रा घेऊन तीन दिवस एकटी होते. भरपूर पाणी प्यायचे, लिंबाची फोड चोखून लाळग्रंथी मोकळ्या ठेवायच्या, शौचालयात दोनदा पाणी सोडायचे. याविषयी सांगण्यासारखे फार नाही, कारण मला त्यातले फार आठवतही नाही. एवढे आठवते, की मी नेलेल्या पुस्तकाचे एकच पान तीन दिवस वाचत होते.

घरी सोडताना थायरॉक्सिन सुरू झाले, १०० मायक्रोग्रॅम रोज. पंधरा दिवसांत थंडी वाजणे कमी झाले, तीन आठवड्यांनी चेहऱ्याची सूज उतरली. वेग ७० वरून ८८ वर आला आणि तिथेच थांबला. सहा आठवड्यांनी टीएसएच तपासला, तर २१. इतके दिवस गोळी घेऊनही तो इतका वर का, हे मला कळेना. जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांनी अहवालावर नजर टाकली आणि गोळी १२५ ची करून दिली. ‘गोळी कशी घेता’ असे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे, हे मला ठाऊकच नव्हते. मी पहाटे उठून थायरॉक्सिन आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात घेत होते. दोन्ही ‘रिकाम्या पोटी घेतल्या की बऱ्या’ असा माझा समज होता. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवते आणि त्यातले बरेचसे रक्तात पोहोचतच नाही; या दोन गोळ्यांत निदान चार तासांचे अंतर हवे. पुण्यातून सुटी होताना मिळालेल्या कागदावर ही ओळ नव्हती. त्यावेळी थायरॉक्सिन सुरूच नव्हते, म्हणून ती लिहिली नसावी. पण सुरू झाले तेव्हा ती कुणी जोडली नाही, आणि माझे दोन महिने त्यात गेले.

पुढे घडले ते आणखी वाईट. त्याच सुमारास पॅराथायरॉइड ग्रंथी सावरल्या म्हणून कॅल्शियम बंद झाले. अडथळा गेला आणि मात्राही वाढलेली, त्यामुळे आता थायरॉक्सिन गरजेहून जास्त मिळू लागले. दिवाळीच्या सुमारास मी कामावर रुजू झाले होते आणि मला वाटत होते, की मी पूर्ण बरी झाले. हात सळसळत होता. घरच्या सरावात वेग १२५ वर गेला, जो आयुष्यात कधी नव्हता. मात्र रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडत, छातीत धडधड होई, लहानशा आवाजाने दचकायला होई. एके दिवशी एका साक्षीचे टंकन तपासताना मला दिसले, की साक्षीदाराच्या ‘मी तिथे गेलो नाही’ या वाक्यातला ‘नाही’ माझ्या प्रतीत नव्हता. मूळ चिन्हांत तो होता. वाचताना माझी नजर घाईने पुढे गेली होती. चूक सहीपूर्वीच सापडली आणि दुरुस्त झाली, पण मी त्या दिवशी साहेबांना सांगून साक्षीचे काम काही दिवस सहकाऱ्याकडे दिले. न्यायालयात एका ‘नाही’ने माणसाचे आयुष्य फिरते.

टीएसएच ०.०१ निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी या वेळी दोन्ही अहवाल, दोन्ही गोळ्यांच्या तारखा आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली आणि दहा मिनिटांत सगळा उलगडा केला. माझ्या प्रकारच्या कर्करोगात टीएसएच थोडा दाबून ठेवायचा असतो, कारण त्याची हाक उरल्यासुरल्या पेशींनाही वाढायला लावते. परंतु किती दाबायचा हे धोक्यावर ठरते आणि माझा धोका कमी होता. जास्त दाबला तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडे ठिसूळ होतात आणि मन सतत धास्तावलेले राहते. मात्रा पुन्हा १०० वर आली. गोळी पहाटे, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी पाऊण तास.

जानेवारीत टीएसएच ०.४ झाला, म्हणजे हवा तिथे आला. वेग मात्र ११० च्या आसपास रेंगाळत होता आणि अहवाल ठीक असूनही मी पूर्वीची नव्हते. तेव्हा मी टी-३ च्या वेगळ्या गोळीबद्दल विचारले, कारण निरोगी थायरॉइड थोडे टी-३ सुद्धा थेट रक्तात सोडते आणि माझ्या गोळीत ते नसते. डॉक्टरांनी प्रश्न उडवून लावला नाही. त्यांनी सांगितले, की स्पेनमध्ये थायरॉइड काढलेल्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांत नुसत्या टी-४ ने सगळ्या अवयवांतले टी-३ एकाच वेळी पूर्ववत होत नाही असे दिसले, पण मेंदूच्या बाह्यपटलाने आपले टी-३ बऱ्याच वेगवेगळ्या मात्रांवर सांभाळले. माणसांवरच्या बहुतेक चाचण्यांत दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्याने सरासरी फरक दिसला नाही, तरी काही रुग्णांना ती जोडी अधिक मानवते. शिवाय टी-३ रक्तात लवकर चढते आणि लवकर उतरते. मी धडधड नुकतीच अनुभवली होती. आधी आहे त्या मात्रेवर काही महिने स्थिर राहून पाहायचे, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

फेब्रुवारीच्या शेवटी ११४, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ११८. मे महिन्यात उन्हाळी सुटी लागण्याआधी साहेबांनी ३१ पानांचे एक निकालपत्र दोन बैठकांत सांगितले. पहिल्या बैठकीत मधेच एक लांब वाक्य आले, जमिनीच्या तीन गटक्रमांकांचे आणि चार वारसांच्या हिश्श्यांचे, आणि ते लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की मी सहा शब्द मागे होते आणि सहाही जागेवर होते.

वही अजून चालू आहे. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात चुका, आणि तपासणी झाली की त्या ओळीत टीएसएच. डिसेंबरपासून मी त्यात आणखी एक रकाना वाढवला आहे: गोळी किती वाजता घेतली आणि त्यानंतरच्या चार तासांत दुसरे काय घेतले.